गन तडतडते, पण नट हलत नाही: स्वस्त इम्पॅक्ट रेंचचं नेमकं कुठे अडतं

तीन-चार हजारांत मिळणारी, एकवीस व्होल्टची बॅटरीवाली इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देऊन नट सोडवणारा रेंच, घेतली की सुरुवातीचे दिवस मजेत जातात. घरातल्या गाडीच्या चाकाचे नट सुटतात, शेजाऱ्याच्या गाडीचेही सुटतात. मग एक दिवस खरोखर पंक्चर होतं. गन तडतडते, दहा-पंधरा सेकंद नुसता आवाज काढते आणि नट जागचा हलत नाही. शेवटी डिकीतला कंपनीचा एल आकाराचा पाना काढून त्यावर पाय दिला की तो सुटतो. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

यावर जो तो आपापला उपाय करतो. कोणी जादा क्षमतेची बॅटरी मागवतो, कोणी नटावर डब्ल्यूडी-४० या गंज सैल करणाऱ्या तेलाची अर्धी बाटली रिकामी करतो, कोणी गनच परत पाठवून खोक्यावर त्याहून मोठा आकडा असलेली दुसरी आणतो. दोष कुठे आहे हे न बघताच उपाय केल्यामुळे यातलं बरंचसं फुकट जातं. आधी एवढंच ठरवायचं असतं, की गन कमी पडतेय की नट गरजेपेक्षा जास्त घट्ट आहे? या दोन वेगळ्या समस्या आहेत आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

गनचा खरा आकडा आधी घरी काढा

खोक्यावरचा ३२०, ३५० किंवा ५२० न्यूटन-मीटर (टॉर्कचं, म्हणजे फिरवण्याच्या जोराचं माप) हा आकडा विसरून जा. तो कधी क्षणभराचा सर्वोच्च आकडा असतो, कधी बॅटरी काठोकाठ भरलेली असताना, उलट दिशेने, कित्येक सेकंद ठोकत राहून मिळवलेला असतो, आणि कधी नुसताच छापलेला असतो. तुमच्या हातातली गन तुमच्या बॅटरीवर किती घट्ट नट सोडवू शकते, हे तुम्हालाच मोजता येतं. त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरवलेल्या जोरालाच आवळू देणारा पाना, लागतो. अर्ध्या इंची ड्राइव्हचा (गोटी, म्हणजे सॉकेट, बसते त्या चौकोनाचा), २८ ते २१० न्यूटन-मीटरपर्यंतचा, क्लिक होणारा साधा टॉर्क रेंच चालतो. तसाही चाकाचे नट शेवटी घट्ट करायला तो लागणारच आहे, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

हार्डवेअरच्या दुकानातून एम-१६ चा, डोक्यावर ८.८ असं कोरलेला एक बोल्ट, त्याचा नट आणि दोन जाड वॉशर आणा. त्याला साधारण २४ ची गोटी बसते. जाड लोखंडी पट्टीतून बोल्ट आरपार घालून पट्टी टेबलाला पक्क्या बसवलेल्या व्हाइसमध्ये धरा, आणि बोल्टचं डोकं फिरू नये म्हणून त्याला पाना लावा. नट टॉर्क रेंचने १०० ला घट्ट करा, गनला थेट गोटी लावा आणि सोडवा. दोन-तीन सेकंदांत सुटला तर १३० करून बघा, मग १६०, मग १९०. ज्या आकड्याला गन पाच-सात सेकंद ठोकूनही नट हलवत नाही, त्याच्या आधीचा आकडा हीच तिची खरी ताकद. मार्करने तो गनवर लिहून ठेवा. ही चाचणी चाकाच्या स्टडवर (ज्यावर चाकाचा नट चढतो त्या बोल्टवर) करू नका. कारण मॅन्युअलच्या पलीकडे आवळून स्टडला कायमचा ताण द्यायचं कारण नाही.

खोक्यावर ३५० लिहिलेली गन १५०-१८० ला थांबली तर निराश होऊ नका. चाकाच्या नटांसाठी कंपन्या मुळात किती टॉर्क सांगतात ते बघा. मारुतीच्या छोट्या गाड्यांना १९ ची गोटी आणि मॉडेलप्रमाणे ८५ ते १०० न्यूटन-मीटर. होंडा सिटीला १९ ची गोटी आणि १०८. ह्युंदाईच्या नव्या गाड्यांना २१ ची गोटी आणि १०७ ते १२७. फोक्सवॅगन पोलोला नट नसून बोल्ट असतात, १७ चं डोकं आणि १२०. (तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. मॉडेल आणि वर्षाप्रमाणे तो बदलतो.) म्हणजे खरोखर १५० देणारी गन, नट नीट आवळलेले असतील तर, घरच्या मोटारीच्या चाकाला पुरते. ती पुरत नसेल तर पुढचे तीन धागे तपासायचे: बॅटरी, गनपासून नटापर्यंतची साखळी, आणि नट.

बॅटरी: निम्म्याहून जास्त वेळा घोडं इथेच अडतं

एकवीस व्होल्ट म्हणजे पाच लिथियम सेल ओळीने जोडलेले. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो, पाच गुणिले ४.२ म्हणजे २१. तोच सेल कामाच्या सरासरीला ३.६ व्होल्ट धरला की १८ येतात. म्हणून नामांकित कंपन्यांची १८ व्होल्टची गन आणि स्वस्तातली २१ व्होल्टची गन यांच्या बॅटरीत व्होल्टेजचा फरक नसतो. खोक्यावर ४८, ८८ किंवा १२८ च्या पुढे व्हीएफ अशी अक्षरं दिसली तर तो व्होल्टचा आकडा समजू नका. आत बहुधा तेच पाच सेल असतात.

क्षमतेचंही तसंच. या बॅटऱ्यांत १८६५० नावाचे सेल असतात, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. आज मिळणारा चांगल्यातला चांगला असा सेल ३५०० एमएएचच्या (साठवणक्षमतेचं माप) आसपास असतो. दहा सेलचा पॅक असेल तर पाच-पाचच्या दोन समांतर ओळी होतात, म्हणजे जास्तीत जास्त ७००० एमएएच. मग स्टिकरवरचे १५००० कुठून येतात? दीड हजाराचे दहा सेल घेऊन सरळ बेरीज केली की येतात. ती बेरीज या जोडणीत लागू होत नाही.

बॅटरी न उघडता आतला हिशेब करायचा असेल तर ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. एका सेलचं वजन ४५ ते ४८ ग्रॅम असतं. वरचं प्लास्टिक आणि सर्किट धरून पाच सेलचा पॅक साधारण ३५०-४०० ग्रॅमचा भरतो, दहा सेलचा ६०० च्या पुढे. वजन पहिल्या गटातलं असेल आणि स्टिकर दुसऱ्या गटातलं, तर उत्तर तिथेच मिळालं. पाच सेलच्या पॅकमध्ये इम्पॅक्ट गनला लागणारा सगळा करंट प्रत्येक सेलमधून जातो. गन जोरात ठोकताना हा करंट वीस-तीस अँपिअरच्या घरात सहज जातो. पॉवर बँकच्या दर्जाचा सेल तेवढा देऊ शकत नाही. त्याचं व्होल्टेज खाली बसतं, मोटर मंदावते आणि ठोके हलके पडतात. गन चालू आहे, आवाज येतोय, पण नट हलत नाही, हा प्रकार बहुतेक वेळा असा घडतो.

ओळखायचं कसं? नटावर जोर पडताना गनचा पुढचा एलईडी दिवा मंद होतोय का बघा. पहिल्या चाकाचे चार नट झटपट सुटले आणि दुसऱ्या चाकावर दम लागला, तर संशय बॅटरीवर घ्यावा. ट्रिगर दाबल्याबरोबर एक झटका देऊन गन गप्प होत असेल आणि ट्रिगर सोडून पुन्हा दाबला की पुन्हा एकच झटका देत असेल, तर बॅटरीतलं संरक्षक सर्किट करंट तोडतंय. मल्टिमीटर असेल तर पूर्ण चार्ज करून अर्धा तास ठेवलेल्या बॅटरीचं व्होल्टेज मोजा. २०.५ ते २१ असायला हवं. २० च्या खाली असेल तर एखादा सेल गेलाय किंवा चार्जर भरतच नाही. मग चार-पाच नट काढून पुन्हा मोजा. एवढ्याशा कामात ते १८ च्या आसपास आलं, तर क्षमता संपलेली आहे.

सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे बॅटरी बदलून बघणं. यातल्या कित्येक गनचा बॅटरीचा खाचा मकिताच्या १८ व्होल्टच्या पॅकसारखा असतो. ओळखीच्या सुताराकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे चांगली बॅटरी असेल तर पाच मिनिटांसाठी मागून घ्या. तिच्यावर तीच गन वाघासारखी चालली तर गन परत पाठवायची गरज नाही. मात्र दुसऱ्या कंपनीची बॅटरी वापरताना ती कुठे थांबवायची हे गनला कळेलच असं नाही. जोर कमी झाल्याचं जाणवलं की तुम्हीच थांबा. पार कोरडी होईपर्यंत चालवली तर महागातली बॅटरी वाया जाते.

आणि ही बॅटरी गाडीच्या डिकीत कायम ठेवू नका. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उन्हात उभ्या गाडीत लिथियम सेल भाजून निघतात. भरलेल्या अवस्थेत भाजले तर आणखी लवकर म्हातारे होतात. महिनोन्महिने वापर नसेल तर निम्मी चार्ज करून घरात सावलीत ठेवावी. सोबत येणारा स्वस्त चार्जर रात्रभर लावून झोपणं तर टाळाच. फुगलेली किंवा पडून तडा गेलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही.

गनपासून नटापर्यंत ठोका पोहोचतो का?

इम्पॅक्ट गन पान्यासारखी सलग जोर लावत नाही. मोटर आतल्या जड हॅमरला फिरवते. अडथळा आला की हॅमर स्प्रिंग दाबून मागे सरकतो, सुटतो आणि पुढच्या एनव्हिलवर, म्हणजे गोटी बसते त्या दांड्यावर, आदळतो. असे ठोके मिनिटाला हजारोंनी पडतात. म्हणून तुमचं मनगट पिळवटत नाही. पण म्हणूनच मध्ये काही लवचीक आलं की ठोक्याचा जीव जातो. बारीक, लांब एक्स्टेन्शन (गन आणि गोटीच्या मधला जोडदांडा) लावून गन चालवणं म्हणजे गादीवर हातोडा मारण्यासारखं. एक्स्टेन्शन पिळतं, परत येतं, आणि नटापर्यंत थोडंच पोहोचतं.

त्यामुळे पहिला नियम असा, की नटाच्या कामात शक्यतो काहीही मध्ये घालायचं नाही. खोल डीप गोटी थेट गनच्या चौकोनात बसवा. एक्स्टेन्शन लागलंच तर जाड आणि सर्वांत आखूड घ्या. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात वळणारा जोड, तर नकोच. अर्ध्याचं तीन-अष्टमांश करणारा ॲडॉप्टरही नको. बऱ्याच किटमध्ये पाव इंची षटकोनी दांड्यावर अर्ध्या इंची चौकोन असलेला एक छोटा ॲडॉप्टर येतो. तो लाकडाच्या स्क्रूसाठी असलेल्या ड्रायव्हरला लावायचा असतो. चाकाच्या नटावर तो एक तर पिळतो, नाही तर तुटतो.

गोटीही बघा. घरच्या पान्याच्या पेटीतली चकचकीत क्रोमची, बारा कोनांची गोटी हाताच्या पान्यासाठी असते. ठोक्यांवर तिला तडा जाऊ शकतो आणि तुकडा उडतो. डोळ्यांवर चष्मा असावा तो यासाठीच. इम्पॅक्टची गोटी काळी, जाड भिंतीची आणि सहा कोनांची असते. गोटी नटावर डुगडुगत असेल तर ठोक्याचा काही भाग त्या पोकळीतच जातो आणि नटाचे कोपरे गोल होतात. २१ चा नट आणि २२ ची गोटी, हे "चालतंय की" म्हणून लावलं जातं, आणि मग चार नटांपैकी एक गोल होऊन बसतो.

काही गाड्यांच्या नटांवर पातळ पत्र्याची चमकदार टोपी चढवलेली असते. आत पाणी जाऊन गंज धरला की टोपी फुगते आणि १९ ची गोटी बसत नाही, २० ची बसली तरी घसरते. असा नट हातोड्याने गोटी ठोकून बसवून एकदाचा काढायचा आणि त्या जागी सलग धातूचा नट आणून लावायचा. टोपीवाला पुन्हा लावायचा नाही.

चोरीपासून वाचवायला चाकावर एक वेगळा लॉक नट असतो, त्याच्या चावीवर गन चालवू नका. चावीचे दात नाजूक असतात. ते तुटले की तो एक नट काढण्याचा खर्च चारही लॉक नटांपेक्षा जास्त होतो.

आता अगदी साधं पण दर वेळी तपासायचं: गनचं दिशेचं बटण सोडवायच्या बाजूला आहे ना? आवळायच्या दिशेला राहिलं तर पाच सेकंदांत नट आणखी घट्ट होतो. वेगाचे टप्पे असतील तर शेवटच्या टप्प्यावर ठेवा आणि ट्रिगर पूर्ण दाबा. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना आटे उलटे असतात, स्टडवर एल कोरलेला दिसतो. तिथे "सोडवायची" दिशा वेगळी. जुनी जीप सांभाळणाऱ्यांना हे माहीत असतंच, पण त्यांच्या भाच्या-पुतण्यांना नसतं.

नट मुळात किती आवळलाय?

गनने चाचणीत १५० दिले, बॅटरी ठणठणीत आहे, गोटी थेट लावली आहे, तरीही नट हलत नाही. मग नटाकडे वळायचं.

मागच्या वेळी टायर कोणी बसवला ते आठवा. हायवेवरच्या टायरवाल्याकडे मोठ्या कॉम्प्रेसरवरची हवेची गन असते आणि ती तो शेवटपर्यंत दाबून धरतो. हातपान्यानेही माणूस काय करतो याचा हिशेब बघा. सत्तर किलोचा माणूस ३५ सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकावर उभा राहिला तर ७० गुणिले ९.८१ गुणिले ०.३५, म्हणजे २४० न्यूटन-मीटर. वर उडी मारली तर आणखी. मॅन्युअल १०० सांगतं आणि नट २४० ला बसलाय. त्यात दोन पावसाळ्यांचा गंज मिळवा. १५० ची गन तिथे नुसतीच तडतडणार, आणि त्यात तिचा दोष नाही.

हाच हिशेब सोडवायलाही वापरता येतो. साठ सेंटीमीटरची अर्ध्या इंची टॉमी, म्हणजे ब्रेकर बार, घेतली की तेच सत्तर किलो वजन ४१० च्या पुढे जातं. या किमतीत एवढी ताकद देणारी बॅटरीवाली गन मिळत नाही. म्हणून मला विचाराल तर स्वस्त गन घेणाऱ्याने तिच्याबरोबर टॉमी घ्यावीच. गाडी जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून, टॉमीने प्रत्येक नटाला फक्त पाव फेरा द्यायचा. मग जॅक लावायचा आणि उरलेलं काम गनने करायचं. वेळ गनमुळे वाचतो आणि ताकद टॉमीची लागते. टॉमीवर वजन टाकताना पाय घसरला तर माणूस गाडीवर आपटतो, त्यामुळे एक हात गाडीला धरून, हळूहळू वजन द्या. उड्या मारू नका.

समुद्राकाठच्या गाड्यांचं दुखणं वेगळं असतं. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे खाऱ्या हवेत उभी गाडी चार महिन्यांच्या पावसात तशीच राहिली तर नटाच्या शंकूच्या बैठकीवर आणि आट्यांवर गंज धरतो. इथे गंज सैल करणारं तेल उपयोगी पडतं, पण ते गंजापर्यंत पोहोचलं तरच. नटाचं तोंड उघडं असेल आणि स्टडचं टोक दिसत असेल, तर तिथून तेल सोडून रात्रभर ठेवा. नट बंद टोपीचा असेल तर बाहेरून कितीही फवारा मारा, आट्यांपर्यंत काही जात नाही. फार तर शंकूच्या बैठकीशी थोडं उतरतं. तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडू देऊ नका. उडालं तर गाडी हलवायच्या आधी ब्रेक क्लीनरने पुसून काढा.

तेल मुरल्यावर गनची एक खास चाल कामी येते. नट सरळ सोडवायच्या आधी एक सेकंद आवळायच्या दिशेने ठोके द्या, मग उलट फिरवा, आणि हे आलटून पालटून दोन-तीनदा करा. ठोक्यांनी गंजाची पकड तुटते. हे काम गन सलग जोर लावणाऱ्या पान्यापेक्षा बरं करते. मात्र आवळायच्या दिशेने सेकंदाहून जास्त ठोकू नका. स्टडवर आधीच ताण आहे.

एका नटावर सलग दहा सेकंदांहून जास्त ठोकत राहण्यात अर्थ नसतो. तेवढ्यात सुटला नाही तर विसाव्या सेकंदालाही सुटत नाही. मोटर तापते, बॅटरी उतरते आणि गोटी झिजते. थांबा आणि टॉमी काढा.

नट सगळे निघाले पण चाक हबला (ज्यावर चाक बसतं त्या लोखंडी भागाला) चिकटून बसलंय, हेही याच भागांत जास्त. अलॉय आणि लोखंडी हबच्या मध्ये गंज धरतो. दोन नट हाताने दोन-तीन फेरे सैल लावून ठेवा, चाक खाली टेकवा आणि गाडी फूट-दोन फूट पुढे-मागे ढकला. चाक सुटतं. बसवताना हबची मधली गोल कड तारेच्या ब्रशने घासून अगदी पातळ कॉपर ग्रीस लावा. स्टडच्या आट्यांना मात्र नको. ग्रीस लावलेल्या आट्यांवर तोच टॉर्क लावला तर घर्षण कमी होऊन स्टड जास्त ओढला जातो, आणि मॅन्युअलचे आकडे सहसा कोरड्या आट्यांसाठी असतात.

गनच बिघडली असेल तर

इथे कानावर विसंबायचं. चांगली गन अडथळा येताच कडक, वेगवान तडतड करते. तडतड संथ झाली तर पुन्हा बॅटरी बघा. मोटर गरगर फिरते पण ठोकाच पडत नाही, तर हॅमरची यंत्रणा गेली आहे: आतल्या कॅमच्या पोलादी गोळ्या, स्प्रिंग किंवा एनव्हिलचे कान. वॉरंटीत असेल तर उघडू नका. नसेल तर पुढचे चार स्क्रू काढून हॅमरचं घर बघता येतं. वाळलेलं, काळं ग्रीस पुसून नवं लिथियम ग्रीस बेताने भरा. गच्च भरलं तर हॅमर मोकळा फिरत नाही. स्वस्त गनमध्ये मोटर कार्बन ब्रशची असेल तर ब्रश झिजून ठिणग्या पडतात आणि करपल्याचा वास येतो. ब्रश सुटे मिळत असतील तर बदला. ब्रशलेस मोटरचा सर्किट बोर्ड जळला तर या किमतीत नवीच गन घेतलेली बरी.

गोटी चौकोनावरून सारखी निसटून पडत असेल तर चौकोनाच्या टोकाची धरून ठेवणारी रिंग झिजली आहे. काम किरकोळ, पण ठोकताना गोटी उडाली तर काम करणाऱ्याच्या तोंडावर येते.

सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चालणाऱ्या बारा व्होल्टच्या गनबद्दल थोडक्यात. त्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा असतो. पंधराने हिशेब केला तरी १८० वॉट. चिमटे थेट गाडीच्या बॅटरीला लावणारी गन असेल तरच विचार करावा. घरच्या २३० व्होल्टवर चालणारी गन मात्र पार्किंगमध्ये प्लग असेल तर स्वस्तातला सर्वांत खणखणीत पर्याय आहे, फक्त एक्स्टेन्शनची वायर बारीक आणि लांबलचक असता कामा नये.

दुचाकी, आणि बसवताना

स्कूटरच्या व्हेरिएटरचा (बेल्टच्या पुढच्या पुलीचा) आणि क्लचचा नट सोडवायला ही गन फार सोयीची. धरून ठेवायला वेगळं हत्यार लागत नाही, ठोक्यांनीच नट सुटतो. मोटरसायकलच्या मागच्या ॲक्सलचा नटही. पण तिथेच थांबा. क्रँककेसचे एम-६ बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. गनचे पहिले काही ठोकेच त्याच्या पुढे जातात आणि ॲल्युमिनियममधले आटे निघून येतात. ऑइल ड्रेनचा बोल्टही गनने बसवायचा नाही. तो सोडवायलाही हातपानाच बरा. मोटारीचा क्रँक पुलीचा बोल्ट किंवा पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा हब नट या गनच्या आवाक्याबाहेर असतो. त्यासाठी गॅरेजमधली हवेची मोठी गन हवी.

चाक बसवताना प्रत्येक नट बोटांनी चार-पाच फेरे चढवा. बोटांनी चढत नसेल तर तो तिरका बसतोय. गन तो तसाच घुसवेल आणि आटे मारून टाकेल. मग गन सर्वांत हलक्या टप्प्यावर, समोरासमोरचे नट घेत, फक्त टेकेपर्यंत. चाक जमिनीवर आणून टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला क्लिक करा, आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवल्यावर पुन्हा एकदा. असं केलं की पुढच्या वेळी १५० ची गन पुरते. टायरवाल्याकडे काम केलं तरी घरी येऊन नट सैल करून पुन्हा टॉर्क रेंचने बसवा. घरचे कंटाळतात, पण पावसात रस्त्याकडेला सोडवायला असे नीट आवळलेले नटच हवे असतात.

जॅकवर गाडी असताना खाली जायचं नाही, जॅक स्टँड लावल्याशिवाय तर अजिबात नाही. पुढचं चाक हवेत असताना गनने नट सोडवताना चाकच फिरत असेल तर, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्यास, गिअरमध्ये टाका. हँडब्रेक सहसा मागची चाकंच धरतो.

एवढं करूनही कधी नटाऐवजी स्टडच तुटतो. नट फिरायला लागला की लगेच हलका झाला आणि आतून कडकड आवाज आला, तर तेच झालंय. हब काढून मागून नवा स्टड दाबून बसवता येतो आणि हा सुटा भाग महाग नसतो. चार नटांच्या चाकावर तीन नटांनी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मिस्त्रीला घरी बोलवा, किंवा गाडी टोइंगवर घाला. त्याच चाकाचे बाकीचे स्टडही तेवढेच ओढले गेलेले असतात, म्हणून हब उघडलाच आहे तर सगळेच बदलून घ्या.